सिमेंट रस्त्यांचे सांधे आणि नागपूरचे ऊन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील सिमेंट रस्त्यांना आणि नव्या इमारतींच्या गच्च्यांना पडणाऱ्या भेगांविषयी वाचकांच्या तक्रारी वरचेवर छापून येतात आणि त्यांचा निष्कर्ष बहुधा एकच असतो, तो म्हणजे ठेकेदाराने सिमेंट खाल्ले. काही ठिकाणी ते खरेही असेल. परंतु पुरेपूर, किंबहुना गरजेपेक्षा जास्त सिमेंट घातलेल्या काँक्रीटलाही भेगा पडतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आणि हिवाळ्यात पहाटे १० अंशांच्याही खाली उतरणाऱ्या नागपुरात त्यामागे अनेकदा तापमानामुळे होणारे प्रसरण आणि आकुंचन असते. बांधकाम खात्यात नोकरी केलेला माणूस म्हणून याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

काँक्रीट एका अंशाने तापले की दर मीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर वाढते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण ४५ मीटर लांबीच्या इमारतीत ३० अंशांचा फरक पडला की ही वाढ १२ ते १४ मिलिमीटर होते. म्हणूनच आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला सर्वसाधारणपणे प्रसरण सांधा, म्हणजे दोन भागांना वाढायला जागा देणारी फट, ठेवण्यास सांगितले आहे. काँक्रीटला वाढायला आणि आटायला मोकळीक असेल तर काही बिघडत नाही. ती नसेल तर काय होते, हे मानकातील सूत्रांवरूनच काढता येते: एम-३० प्रतीचे, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसणारे, काँक्रीट दोन्ही टोकांना घट्ट जखडून २० अंशांनी थंड केले तर त्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५ न्यूटन ताण येतो, आणि ते ४ न्यूटनच्या आतच तडकते. हे गणित ढोबळ आहे, कारण प्रत्यक्षात काँक्रीट थोडे सैलावते आणि पूर्ण जखडलेलेही नसते. तरी भेग का पडते ते यावरून कळावे. अशा वेळी सळई वाढवा असा सल्ला हमखास दिला जातो. लोखंडाचे प्रसरण काँक्रीटच्या जवळपास असल्यामुळेच दोघांचा संसार टिकतो हे खरे, पण सळई प्रसरण थांबवत नाही. एका मोठ्या भेगेऐवजी अनेक बारीक भेगा पडतील एवढेच ती पाहते.

सिमेंट रस्त्याला दर साडेचार मीटरच्या आसपास जी आडवी चीर दिसते, ती याचसाठी मुद्दाम पाडलेली असते. काँक्रीट आटताना तडकणारच असेल तर ते आपण ठरवलेल्या सरळ रेषेत तडकावे, म्हणून स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत कटरने खाच घेतात. या कामात वेळेला फार महत्त्व आहे. कटर फार लवकर चालवला तर पात्याबरोबर कडेची गिट्टी उखडते आणि उशीर केला तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने आधीच फाटलेले असते. उन्हाळ्यात ही मधली संधी काही तासांचीच असते. प्रत्यक्षात मात्र कटरवाला दुसऱ्या साइटवर असतो, तो दुसऱ्या दिवशी दुपारी उगवतो आणि आधीच वाकडीतिकडी भेग गेलेल्या स्लॅबवर इमानेइतबारे सरळ खाच पाडून बिलात लांबी लावतो. खाचेपासून हातभर अंतरावर तिला समांतर जाणारी भेग दिसली की बहुतेक वेळा असेच घडलेले असते. तसेच चेंबरच्या झाकणाच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग दिसली, तर चेंबरभोवती वेगळा सांधा सोडलेला नाही असे समजावे.

काँक्रीट कोणत्या वेळी ओतले यावरही बरेच अवलंबून असते. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून उष्णता निघते. सकाळी ओतलेल्या काँक्रीटची ही उष्णता आणि दुपारचे ऊन एकाच वेळी येतात, काँक्रीट पूर्ण तापलेल्या अवस्थेतच घट्ट होते आणि रात्री थंड होताना ताणले जाते. तेच काम संध्याकाळी सुरू केले तर उष्णतेचा हा उच्चांक रात्रीच्या गारव्यात येतो. ४० अंशांवरच्या हवेतील काँक्रीटकामासाठी आयएस ७८६१ हे वेगळे मानक आहे. गिट्टी सावलीत ठेवावी आणि पाणी थंड वापरावे अशा साध्याच गोष्टी त्यात आहेत. अमेरिकेतील हूवर धरणाच्या बांधकामात तर १९३० च्या दशकात काँक्रीटमध्ये नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी खेळवले होते. आपल्याला तेवढे करण्याची गरज नाही, ताडपत्री आणि ओले गोणपाट पुष्कळ झाले.

सामग्रीच्या बाबतीत निसर्गाने महाराष्ट्राला झुकते माप दिले आहे. काँक्रीटमध्ये सर्वांत मोठा वाटा गिट्टीचा असल्याने प्रसरणही मुख्यतः तीच ठरवते, आणि आयएस ४५६ मधील तक्त्याप्रमाणे आपल्या काळ्या बेसाल्टच्या गिट्टीचे काँक्रीट गारगोटीसारख्या क्वार्टझाइटच्या काँक्रीटपेक्षा जवळपास पाव ते एक तृतीयांशाने कमी वाढते. सिमेंटचा काही भाग काढून औष्णिक वीज केंद्राची राख वापरली तर सुरुवातीची उष्णताही घटते, आणि कोराडी व खापरखेड्याची राख तर आपल्या दाराशी आहे. फक्त राखेचे काँक्रीट सावकाश ताकद धरते. पाणी मारणे चौथ्याच दिवशी बंद करायचे असेल तर राखेला दोष देऊ नये. उष्ण व कोरड्या हवेत किमान १० दिवस, आणि राख मिसळली असेल तर १४ दिवस पाणी मारावे असे मानकच सांगते. तापल्यावर आकसणारे झिर्कोनियम टंगस्टेट सिमेंटमध्ये मिसळून पाहण्याचे प्रयोगही परदेशांत झाले आहेत, पण त्याची किंमत पाहता ते प्रयोगशाळेतच शोभते.

गच्चीचे दुखणे याच जातीचे आहे. विटांचे प्रसरण काँक्रीटच्या जवळपास निम्मे असल्याने तापलेला स्लॅब खालच्या भिंतीवरून सरकू पाहतो आणि स्लॅबच्या खाली आडवी भेग पडते, वरच्या मजल्याच्या कोपऱ्यांत तिरपी. रहिवासी दर पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगवर पैसे घालतात, परंतु मेमध्ये तो थर पुन्हा फाटतो. गच्चीवर विटांचा कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक किंवा पांढरा रंग असेल तर स्लॅब मुळात कमी तापतो. हा खर्च गळतीच्या खर्चाच्या आधी करायचा असतो. काही सोसायट्या तर दोन विंगमधला प्रसरण सांधा कुरूप दिसतो म्हणून सिमेंटने बुजवून वर टाइल्स लावतात. पुढच्या उन्हाळ्यात त्या टाइल्स उचकटतात, तेव्हा शिव्या खातो टाइल्सवाला.

रस्त्यांवर हेच नकळत घडते. सांध्यात भरलेले सीलंट, म्हणजे फट बुजवणारे लवचीक द्रव्य, निघून गेले की त्या जागी माती, बारीक गिट्टी आणि खर्ऱ्याच्या पन्न्या ठासून बसतात, उन्हाळ्यात स्लॅबला सरकायला जागा उरत नाही आणि कडांचे टवके उडतात. सबब महानगरपालिकेला आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला माझी विनंती आहे की प्रत्येक सिमेंट रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेत काँक्रीट ओतल्याची आणि खाच कापल्याची वेळ, तासासह, लिहिणे बंधनकारक करावे आणि ती नोंद नागरिकांना पाहू द्यावी. तसेच सांधे स्वच्छ करून पुन्हा भरण्यासाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद ठेवावी. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत काढावे, कारण मेमध्ये सांधा मिटलेला असताना भरलेले सीलंट हिवाळ्यात ताणून तुटते आणि कडाक्याच्या थंडीत काठोकाठ भरलेले उन्हाळ्यात बाहेर फेकले जाते.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
नागपूर