नावापुढचं लिहून ठेवा

ती. आई-बाबांस,
शालोम.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "आमच्यामागे कद्दिश कोण म्हणणार?" आणि पुढच्या क्षणी आईने "नको ते विषय" म्हणत फोन काढून घेतला. कद्दिश म्हणजे आई-बापांमागे मुलाने म्हणायची आपली ज्यूंची प्रार्थना, आणि मी एकुलती एक, त्यात मुलगी. आपल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघणारच होता. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

सरळ उत्तर आधी देते. कद्दिशची सोय होईल. इथे इस्रायलमध्ये, दिमोनात, आपल्या माणसांचं सिनेगॉग आहे, कोकणातल्यासारखी प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांसाठी घरोघर फिरायची वेळ इथे येत नाही. दोन्ही चुलतभावांनी न विचारताच हो म्हटलंय, अकरा महिने म्हणतील. मी स्वतः उभी राहून म्हणेन की नाही, यावर आत्तापासून भांडू नका. आधी दोघांनी नव्वदी गाठा.

पण बाबा, तुम्हाला मी काय सांगणार, कद्दिशमध्ये गेलेल्या माणसाचं नाव येत नाही. मरणाचा उल्लेखही नाही, सगळी देवाची स्तुती. हश्काबात, म्हणजे गेलेल्यांसाठीच्या दुसऱ्या प्रार्थनेत, नाव येतं, पण नावापाशीच थांबतं. दोन्ही मला प्रिय आहेत, लहानपणापासून कानात बसलेले आहेत. तरी काका-आजोबांच्या अझकाऱ्याला, त्यांच्या स्मरणासाठीच्या प्रार्थनासभेला, मी जे ऐकलं त्यावरून वाटायला लागलं, की तुमच्या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न आपण कुणीच विचारलेला नाही.

तिथे बोलायला एक तरुण रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होते. काका-आजोबांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, हा सत्पुरुष होता, धर्माने वागला, रब्बींचा आदर करायचा. शेवटच्या वाक्याला काकीआजीने डोक्यावरचा रुमाल सारखा करता करता माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघींना हसू आवरेना. रब्बींचा आदर! १९६४ च्या उन्हाळ्यात हाच माणूस बायको आणि तान्ही पोर घेऊन जेरुसलेमला धरण्याला बसला होता. का बसला, ते तुम्हाला माहीत आहे, पण इथल्या माझ्या भाचरांना अजिबात माहीत नाही. १९६२ मध्ये इथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, माणसाचं लग्न लावण्याआधी त्याची आई, आईची आई, तिची आई, जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन त्या ज्यू होत्या का ते तपासा. दोन वर्षं माणसं भांडली, मग ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ठराव केला, की भारतातून आलेले बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत, लग्नाच्या बाबतीतही. तेव्हा कुठे धर्मपीठ नमलं.

काका-आजोबा ही गोष्ट सांगताना मजेशीर चिडायचे. "मी त्या साहेबाला सात पुरुष धडाधडा सांगितले," म्हणायचे, "तो म्हणतो पुरुष नकोत, आईची आई सांग. तिथे मी अडकलो." बापाकडून गाव मिळतं, गावाला कर लावला की आडनाव झालं: पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहीमकर. आईच्या आईचं गाव त्या करात मावत नाही.

त्यांच्याबद्दल रब्बींनी न सांगितलेलं आणखी बरंच आहे. पंचवीसेक वर्षं ते कापडगिरणीत पाळीला होते आणि शनिवारी सूर्य मावळला की रविवारच्या (म्हणजे इथल्या कामाच्या दिवसाच्या) नावाने शिव्या घालायचे. सुट्टी मिळाली की वाळवंटात चटई अंथरून केलेल्या पिचवर अंपायर म्हणून उभे. पायचीत कधीच द्यायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, या उन्हात चेंडू कुठे पडला ते देवालाही दिसत नाही. लोडवरून, अश्दोदवरून आलेले संघ त्यांना घाबरायचे. दगडावर हिब्रूत नाव आहे, बापाचं नाव आहे, तारीख आहे. पायचीत नाही.

आपली गोष्ट सुरू होते तीच मुळी कबरींनी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं, पुरुष एका ढिगाऱ्यात, बायका दुसऱ्यात. त्यांची नावं कुणालाच सांगता येत नाहीत आणि त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. जगलेल्यांना आधी जगायचं होतं, पोटासाठी तेल गाळायचं होतं. पण मला शाळेची सहल आठवते. ते उंचवटे दाखवून सर म्हणाले, "हे आपले पूर्वज," आणि सगळी पोरं शंखशिंपले वेचायला पळाली. नाव नाही, चेहरा नाही, मुलांनी थांबावं कशासाठी?

नाव राहिलं म्हणजे सगळं राहिलं असंही नाही. सामाजी हसाजी दिवेकरांना टिपूच्या कैदेतून सुटका मिळाली, १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, त्यासाठी सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, आणायला कोचीनला गेले आणि तिकडेच वारले. सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्या नावाची. लोक त्या सिनेगॉगला जुनी मशीद म्हणत, त्यावरूनच मशीद स्टेशनाला नाव पडलं असंही आपले लोक अभिमानाने सांगतात. नवरा कैदेत असताना घर कुणी चालवलं, त्या बाईच्या नावाची गल्ली नाही.

इथे कुणी मराठी माणूस भेटला आणि "तुम्ही ज्यू लोक म्हणजे कोण?" असं विचारलं, की मीही ठरलेली यादी म्हणते. सिनेमातले चेऊलकरांचे डेव्हिड, कवी निस्सीम इझिकेल, कामा हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड. तिघांनाही पद्मश्री. समोरचा खूश होतो, विषय संपतो. त्यांना विसरायची भीती नाही, त्यांच्यावर लिहिलेलं आहे, पुढेही लिहिलं जाईल. १९४८ च्या सुमारास आपण भारतात वीसेक हजार होतो. त्यातले कारकून, नर्सा, शिक्षक, फिटर, हवालदार, त्यांचं काय?

आजीला हे बरोबर कळलं होतं. दारफळणीच्या सणाच्या, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाच्या, आदल्या दिवशी ती केळीच्या पानावर थोडं थोडं वाढायची, कारण गेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परततात. बाबा, तुम्ही दरवर्षी कुरकुरायचात, की हे शेजाऱ्यांच्या पितृपक्षातून आलंय, तोरामध्ये कुठे आहे? आणि आजी म्हणायची, "तोरामध्ये तुझ्या बापाला किती तिखट लागायचं तेही नाहीये." शेजाऱ्यांकडून आलं असेलही. दोन हजार वर्षं एका आळीत राहून एवढंही घेतलं नसतं तर मला आपल्या लोकांबद्दल शंका आली असती.

मला तिचं वाढणं आठवतं ते त्या बडबडीमुळे. प्रत्येक पानाला एक वाक्य. हे सासऱ्यांचं, यांचा घाणा रेवदंड्याला, शनिवारी बैल सोडून द्यायचे आणि शुक्रवारी रात्रीच चिडचिडे व्हायचे, कारण शनिवारचा विसावा लागला की विडी बंद. हे धाकट्या दिरांचं, नव्या सणाला, आपल्या नववर्षाला, चिकाचा हलवा घोटताना नारळाचं दूध पिऊन टाकायचे. हे तुझ्या आजोबांचं, रेल्वेत होते, घरी मात्र कधी वेळेवर आले नाहीत. आणि एक पान ती काहीही न बोलता वाढायची. ते कुणाचं, हे मी विचारलं नाही, विचारायचं नसतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. ती स्वतः नर्स होती, आमच्या चाळीतल्या निम्म्या पोरांची जन्मवेळ आणि वजन तिला तोंडपाठ. लोकांच्या पत्रिका तिच्या आठवणीवर बनल्या. हे तिच्या दगडावर कुठे आहे? दगडावर मराठीत कोरलंय, "एक प्रेमळ आई". असेल, पण ओरडायची किती!

तर माझं मागणं असं. बाबा, हश्काबासाठी तुम्ही जी नावांची वही ठेवली आहे ती मला पाठवू नका, निदान आत्ता नको. तिच्यात प्रत्येक नावाखाली अर्धं पान सोडलेलं आहे, ते भरा. सत्पुरुष, प्रेमळ, धर्मपरायण हे शब्द वापरायचे नाहीत. काय खायचे, कशावरून भांडायचे, पगार किती होता, कुणाचे पैसे बुडवले, हेही लिहा. चुलतआजोबांनी घाण्याची जागा का विकली यावर दोन घरांची दोन मतं आहेत, दोन्ही लिहा. तारखा आठवत नसतील तर "त्या वर्षी पाऊस फार होता" एवढंही चालेल. हाताला कापरं भरत असेल तर फोनवर बोला, मी इथे उतरवून घेईन, मराठी टायपिंग मला आता बरं जमतं. आणि ज्या पानावर आजी बोलायची नाही त्याचं लिहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही.

आई, आता तुझ्याशी. त्या वहीत तुझ्या माहेरचं एकही माणूस नाही. चाळीस वर्षं तू बाबांच्या माणसांच्या हश्काबाला "आमेन" म्हणत आलीस आणि तुझ्या आईचं नाव मनात घेत आलीस, एवढं मला माहीत आहे. माझ्या मुलीला उद्या कुणी आईची आई, तिची आई असं विचारलं तर तिला अडकायचं नाहीये, पण खरं कारण ते नाही. मला तुझी पेणची माणसं माहीतच नाहीत. एक वेगळी वही आण, दोनशे पानी, बाबांच्या कपाटातली नको.

सुरुवात तुझ्या आत्यापासून कर. शिवणयंत्रावरच्या फोटोतली, ताठ मानेची. तिने सांगून आलेली स्थळं परत पाठवली, शेवटपर्यंत लग्न केलं नाही, आणि तरी तुमच्या घरात कुणी तिला चकार शब्द बोललं नाही, असं तू एकदा भाकरी थापता थापता म्हणालीस आणि पुढे थांबलीस. का नाही बोललं? घर तिच्या शिवणावर चालायचं म्हणून, की दुसरं काही होतं?

रविवारी फोन करते. बाबांनी उचलला तर आधी तुलाच द्यायला सांगेन.

तुमची,
लेक