चि. मिहिरला, त्याच्या रहस्यकथेविषयी

नाशिक

चि. मिहिर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचे हस्तलिखित पूर्ण वाचले. पंचवटीतला सावकाराचा वाडा, त्याचा तोंडाळ पुतण्या आणि पावसाळ्यातले गाव हे सारे तू मन लावून उभे केले आहेस. मात्र शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरला एक फोन येतो, काय बोलणे झाले ते वाचकाला कळत नाही आणि पुढच्याच पानावर खुनी पकडला जातो, हे मला मुळीच पटले नाही. तपास करणाऱ्याला जे जे दिसले ते ते वाचकालाही दिसले पाहिजे आणि तरीसुद्धा उत्तर त्याच्या हाती आधी लागता कामा नये, हा रहस्यकथेतला करार आहे. तो तू मोडला आहेस, म्हणून हे सविस्तर पत्र.

हा करार पहिल्यापासून इतका स्पष्ट नव्हता. एडगर ॲलन पो यांची १८४१ साली छापून आलेली ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात मानली जाते. (आपले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, म्हणजे या साहित्यप्रकाराहून एका वर्षाने वडील, याचे मला फार अप्रूप वाटते.) पो यांच्या नायकाची बुद्धी पाहून आपण थक्क होतो, पण त्याच्याबरोबरीने विचार करायला आपल्याला फारशी जागा मिळत नाही. कॉनन डॉईल यांच्याही अनेक कथांत होम्सने काय पाहिले ते आपल्याला मागाहून कळते. परंतु १८९२ सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये त्यांनी खरी कमाल केली. तबेल्यात कुत्रा आहे आणि माळ्यावर झोपलेल्या दोन पोरांना रात्री काहीच ऐकू आले नाही, या दोन्ही गोष्टी वाचकाला आधीच सांगितलेल्या असतात. कुत्रा भुंकला नाही, याचा अर्थ मात्र फक्त होम्सला लागतो. जे घडलेच नाही तोच पुरावा ठरतो आणि लेखकाने लपवाछपवी केली असे कोणी म्हणू शकत नाही.

पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने रहस्यकथेचे दहा नियमच लिहून काढले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकासमोर आला पाहिजे, तोवर कोणाला ठाऊक नसलेले विष वापरता येणार नाही, हाती आलेला धागा तपासनिसाने वाचकापासून दडवता कामा नये, असे ते नियम आहेत. यातले काही आता कालबाह्य झाले आहेत, पण हा शेवटचा नाही. ॲगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी १९२० साली आली. पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयाच्या औषधालयात काम केलेले होते. स्ट्रिक्निन असलेल्या टॉनिकमध्ये ब्रोमाइड पडले की विष हळूहळू बाटलीच्या तळाशी बसते आणि शेवटचा डोस जीवघेणा ठरतो, हे ज्ञान त्यांनी त्या कादंबरीत वापरले. टॉनिकही वाचकाला दिसते, ब्रोमाइडच्या भुकटीची रिकामी डबीही दिसते. त्या दोहोंचा संबंध जोडणे तेवढे बाकी राहते.

आपल्याकडे रहस्यकथा वेगळ्या अंगाने वाढली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या गोष्टींवर वाचकांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, विशेषतः पहिल्या पानापासून मिळणारा वेग. पण त्यांचा ओढा साहसाकडे अधिक आणि कोड्याकडे कमी होता. तुझी कथा कोड्याची आहे, त्यामुळे केवळ वेगावर ती तरणार नाही.

आता तुझ्या कथेतला धागा. तो शोधायला तुला दूर जायला नको, तो गोदाघाटावरच उभा आहे. पुतण्या जबानीत सांगतो की बुधवारी संध्याकाळी तो घाटावर मित्राची वाट पाहत होता. त्याला दुतोंड्या मारुतीच्या पायाशी बसव. गंगापूर धरणातून पाणी सोडले की पूर कुठवर चढला हे आपण या मारुतीच्या गुडघ्या-कमरेवरून सांगतो, ते बाहेरगावच्या वाचकाला ठाऊक नसते. म्हणून पहिल्याच प्रकरणात, खुनाचे नावही निघण्याआधी, एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी ते सहज येऊ दे. नंतर त्या बुधवारी भाजीवाली कुरकुरते की घाटावर बाजार बसूच शकला नाही, मारुती कमरेपर्यंत बुडाला, टोपल्या वर रस्त्यावर आणाव्या लागल्या, आणि म्हणून मेथीची जुडी महाग. लगेच गिऱ्हाईक तिच्याशी भावावरून हुज्जत घालते. वाचकाचे लक्ष भांडणाकडे जाते, पण पाण्याची पातळी त्याच्या कानावरून गेलेली असते. पुतण्याची जबानी त्यानंतर तीन-चार प्रकरणांनी, पाच जणांच्या जबान्यांत मधोमध ठेव, कारण पहिली आणि शेवटची वाचकाच्या लक्षात राहते. त्याच्या बोलण्यात एक सोडून बाकी सारे तपशील खरे असू देत. एवढे केल्यावर शेवटी इन्स्पेक्टरला कोणाच्या फोनची गरज उरणार नाही.

कायद्याची बाजूही सुधारायला हवी. तुझ्या कथेत पुतण्या पोलीस ठाण्यात कबुली देतो आणि प्रकरण मिटते. पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्या न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये ही तरतूद होती, आता ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढेच निवेदन ग्राह्य धरतात. ही तुझ्यासाठी अडचण नसून संधी आहे, कारण आता तुला सावकाराची हरवलेली वहीपेटी पुतण्याच्या सांगण्यावरून, पंचांसमक्ष, पंचनामा करून बाहेर काढावी लागेल, आणि ते दृश्य ठाण्यातल्या रडारडीपेक्षा कितीतरी अधिक ताणाचे होईल. शिवाय तुझी कथा आजच्या काळात घडते आणि इन्स्पेक्टर ‘तीनशे दोन’ लावायला सांगतो. १ जुलै २०२४ पासून खुनाच्या शिक्षेचे कलम भारतीय न्याय संहितेत १०३ झाले आहे. जुना हवालदार सवयीने तीनशे दोन म्हणाला तर ते शोभेल, इन्स्पेक्टरच्या तोंडी मात्र ते नको.

वाड्याचे वर्णन आणि सावकाराच्या बहिणीचे पात्र यांना हात लावू नकोस, ती दोन्ही उत्तम उतरली आहेत. भाजीवालीचे प्रकरण आणि पंचनाम्याचे प्रकरण आधी लिहून पाठव, मधली जुळवाजुळव त्यानंतर करू.

तुझी,
आई