पत्र्याला मोठं भोक

संपादक महोदय,

एक्झॉस्ट पंख्यासाठी पत्र्याला आठ इंची भोक हवं होतं. एका भोकासाठी त्या मापाचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) कोण विकत घेणार? कंपासने वर्तुळ आखलं, रेषेच्या आतून ३ मिमीची भोकं ओळीने पाडली (पावणेदोनशे तरी भरली!), भोकांमधल्या पत्र्याचे पूल छिन्नीने तोडले, अर्धगोल कानशीने कड घासली. अख्खी दुपार गेली.

पुढच्या वेळी शेजाऱ्यांचा जिगसॉ (पातं वरखाली होणारी विजेची करवत) मागून आणला. बारीक दात्यांचं पातं लावूनही पत्रा थडथड उडत होता. खाली प्लायवूड घट्ट आवळलं, तेव्हा कुठे नीट कापला गेला.

हातमोजे पत्रा उचलताना घालावेत, ड्रिल चालवताना नव्हे. फिरत्या बिटाने माझा मोजा गुंडाळून घेतला होता. अंगठा थोडक्यात वाचला.

– एक वाचक