मोझेलकाठून आप्पांना

बर्नकास्टेल-कुएस, जर्मनी
12 ऑक्टोबर

ती. आप्पांना शि. सा. नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, द्राक्षांच्या खालच्या प्लॉटची गोडी छाटणी, फळासाठीची, उरकली, आता पावसानं दगा देऊ नये. त्याच सकाळी मी ट्रीअरहून सायकलीवर निघालो होतो, मोझेल नदीच्या काठानं. तिकडे डोळे फुटायची वाट पाहताय आणि इथं घड उतरवणं चाललंय. इथली वेल हिवाळाभर झोपते, छाटणी तेव्हाच, वर्षातून एकदा. एका पिकासाठी आपण एप्रिलला आणि ऑक्टोबरला अशी दोनदा कात्री चालवतो, हे एका म्हाताऱ्या बागाईतदाराला सांगितलं, तर हातातलं काम थांबवून त्यानं सगळं विचारून घेतलं.

रस्ता नदीला धरून सपाट. दोन दिवसांत साठेक किलोमीटर झालं. पण नजर सारखी वर जाते. वणीचा गड पायथ्याहून पाहावा तसा उभा डोंगर, आणि त्यावर बाग! मांडव नाही, तार नाही. प्रत्येक वेलीला आपला एक खांब, दोन काड्या वाकवून पत्त्यातल्या बदामासारख्या बांधलेल्या. तार नसल्यामुळे माणसाला उतारावर आडवं चालता येतं. ट्रॅक्टर चढतच नाही. काही ठिकाणी एका रुळावरची दातेरी गाडी माणसं आणि माल वरखाली नेते, बाकी सगळं हातानं. आपल्याकडच्या तोडणीच्या बायका डोळ्यांपुढे आल्या.

जमिनीत माती कमी, दगडाच्या काळ्या कपच्याच जास्त. शाळेतली आपली पाटी, तोच दगड. दिवसा तापतो, रात्री ऊब सोडतो, म्हणून एवढ्या उत्तरेला रीसलिंग, इथलं वाइनचं द्राक्ष, पिकतं. ऊन गेल्यावर हात ठेवून पाहिला, कोमट होता. मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीडही या दगडात नीट माजत नाही, त्यामुळे काही जुन्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर आहेत. आपण कलमाला घेतो त्या डॉगरीजच्या खुंटाशिवाय! हे तुम्हाला दाखवायला हवं होतं.

वाटेत पिसपोर्टला रोमन काळातली द्राक्षं चिरडायची जागा पाहिली, 1985 साली सापडलेली. नॉयमागेनला पिंपांनी भरलेली दगडी नाव आहे, साधारण इ.स. 220 ची. मूळ शिल्प ट्रीअरच्या संग्रहालयात, इथं त्याची प्रतिकृती. वल्ही मारणाऱ्यांचे चेहरे मी बराच वेळ पाहत बसलो.

म्हाताऱ्यानं एक घड दिला. मणी बारीक, बियांचे, साल जाड, आंबटगोड. आपलं बिनबियांचं थॉमसन खाणाऱ्याला पहिल्यांदा चमत्कारिक लागतं, मग हात थांबत नाही.

रात्री पाऊस आला तर एकटे फवारणीचा पंप पाठीवर घेऊन बागेत जाऊ नका, दादाला उठवा. आईला नमस्कार. काडीवर कोवळे पोंगे दिसले की फोटो पाठवा.

तुमचा,
धाकटा