पुस्तक बदललं, प्रश्न तोच

संपादक महोदय,

पदवीच्या मराठी अभ्यासक्रमात दलित स्त्रियांची आत्मकथनं आता नवी राहिलेली नाहीत. अमुक पुस्तक नेमा, तमुक वगळा, यावर वाद होतात. नेमलेलं पुस्तक शिकवायचं कसं, यावर मात्र सगळीकडे सामसूम. परीक्षेत ठरलेला प्रश्न येतो, 'लेखिकेच्या वेदनेचे चित्रण स्पष्ट करा.' गुण १०. गाइडमध्ये उत्तर दीड पान.

या दीड पानाला पर्याय डॉ. शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी कधीच देऊन ठेवला आहे. त्या समाजशास्त्राच्या. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शिकवत आणि लिहीत बहुतांशी इंग्रजीत. त्यामुळेच की काय, मराठी विभागांनी त्यांना परक्या खात्यातलं मानलं. त्यांच्या 'रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर' (२००६) या ग्रंथात मुक्ता सर्वगोड, शांताबाई दाणी, कुमुद पावडे, बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, उर्मिला पवार अशा आठ जणींचं लेखन आहे. त्याला त्यांनी आत्मचरित्र न म्हणता 'टेस्टिमोनिओ', म्हणजे साक्ष, म्हटलं. शब्द लॅटिन अमेरिकेतला. ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांचं १९८३ मधलं कथन याच प्रकारातलं. बोलणारी एकटी, पण साक्ष साऱ्या वस्तीची. दुसऱ्याचं दुःख चवीने वाचून पुस्तक मिटायचं, या सवयीवर रेगे यांचा मुख्य आक्षेप होता. साक्ष म्हटली की ऐकणाराही प्रकरणात ओढला जातो.

हे वर्गात आणायला ४८ मिनिटांच्या चार तासिका पुरतात. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मधली कोणतीही दोन पानं झेरॉक्स करून द्यावीत. 'मी' खाली एक रेघ, 'आम्ही' खाली दोन. इथे हमखास चूक होते ती अशी की मुलं फक्त सर्वनामं मोजतात. मराठीत कर्ता बऱ्याचदा क्रियापदातच असतो, तेव्हा 'जायचो', 'खायचो' हीही मोजायला हवीत. नाहीतर 'आम्ही' अर्ध्यावर येतो. मग उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मधली दोन पानं तशीच मोजावीत. आकडे शेजारी शेजारी मांडले की एका ठिकाणी वस्ती का बोलते आणि दुसरीकडे एकटी बाई पुढे का येते, ही चर्चा आपोआप सुरू होते. अमुक श्रेष्ठ, तमुक कनिष्ठ असा निकाल मात्र देऊ नये.

उतारा निवडतानाच निम्मी बाजी हरली जाते. 'जिणं आमुचं'मधून उपासमार आणि बाळंतपण घेतलं जातं. बाबासाहेबांचं जेजुरीचं भाषण आणि शाळेत सवर्ण मुलींशी झालेली भांडणं गळतात. मग विद्यार्थ्याला बाई फक्त सोसणारी दिसते. सोसण्याचं एक पान घेतलं, तर लढण्याचं एक घ्यायलाच हवं.

कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मधला (१९८१) संस्कृतविषयीचा लेख तर पूर्ण तास मागतो. संस्कृतमध्ये एम. ए. होऊनही माहेरच्या सोमकुवर आडनावाला दार उघडलं नाही. आंतरजातीय लग्नानंतर पावडे आडनावाला सरकारी महाविद्यालयात नोकरी मिळाली. फळ्यावर दोन आडनावं लिहावीत आणि विचारावं, नोकरी कोणाला मिळाली? जात आणि लग्नसंस्था वेगवेगळ्या धड्यांत शिकवता येत नाहीत, हे या प्रश्नातून जितकं उमगतं तितकं व्याख्यानातून नाही.

सर्वांत वाईट चूक प्राध्यापक सद्भावनेने करतात. वर्गातल्या दलित विद्यार्थिनीकडे वळून 'तू सांग ना तुझा अनुभव' म्हणतात. ती शिकायला आलेली असते, पुरावा म्हणून नव्हे. प्रश्न सगळ्या वर्गाला हवा: तुमच्या घरात पाणी कोण भरायचं, पंगतीत शेवटी कोण जेवायचं, कोणाचा पेला वेगळा होता? आता गप्प बसायची पाळी इतरांची येते, आणि तेच हवं असतं. रेगे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दलित आठवणींतल्या जेवणावर पुस्तिका काढली, 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' त्याच धर्तीवर प्रत्येकाने घरातला एक पदार्थ मापासकट लिहून आणावा. तेल किती, ते कुठून यायचं, नसेल तेव्हा काय करत. चान्या (मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या) आणि श्रीखंड एकाच फळ्यावर आले की 'महाराष्ट्रीय जेवण' या शब्दाची सीमा दिसू लागते.

'आम्ही सवर्ण, आम्ही हे कसं शिकवणार?' हा बचावही नेहमीचा. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याची बाजू मांडली. रेगे यांनी १९९८ मध्ये त्याच चर्चेत म्हटलं की बिगरदलित स्त्रीवाद्यांना दलित स्त्रियांच्या वतीने किंवा त्यांच्या जागी बोलता येणार नाही, पण दलित स्त्रीवादी भूमिका घेऊन स्वतःला नव्याने घडवता येईल. सूट नाहीच, उलट काम वाढलं.

२०१० च्या लेखात रेगे फुल्यांच्या 'तृतीय रत्न'पाशी (१८५५) गेल्या. त्या नाटकातला विदूषक मध्येच तोंड घालून जोशीबुवांचं पितळ उघडं पाडतो. आमची एक आगाऊ सूचना: दर तासिकेला एका विद्यार्थ्याला विदूषकाचं काम द्यावं. प्राध्यापक 'समाज' म्हणाले की त्याने विचारायचं, 'कोणाचा समाज?' पहिले दोन तास हशा होतो. तिसऱ्या तासाला प्राध्यापक शब्द जपून वापरू लागतात.

अभ्यास मंडळांना यासाठी नवं पुस्तक नेमावं लागणार नाही. येत्या सत्रापासून त्या १० गुणांच्या प्रश्नाऐवजी एवढंच छापावं: 'दिलेल्या उताऱ्यातील "आम्ही"मध्ये कोण कोण आहेत आणि कोण नाहीत, ते उताऱ्यातील तीन क्रियापदांच्या आधारे लिहा.'

— मराठीच्या दोन अध्यापिका, सातारा