अक्ष भरकटला की आधी अदलाबदल, मग खरेदी

संपादक महोदय,

हौशी सीएनसी यंत्राचा (संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या-कोरणाऱ्या यंत्राचा) एखादा अक्ष, म्हणजे एका दिशेला सरकणारा भाग, थरथरू लागला, मध्येच थबकला किंवा उलटाच धावला, की 'नियंत्रक बोर्ड गेला, नवा घ्या' असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला सगळ्यात शेवटी यायला हवा. दोष बऱ्याचदा एखाद्या तारेत किंवा ढिल्या स्क्रूत असतो आणि नवा बोर्ड बसवताना नव्या चुकांची भर पडते.

दोष नेमका कुठे आहे हे कळायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. समजा एक्स अक्ष बिघडलाय आणि वाय नीट चालतोय. वीज बंद करून दोन्ही मोटरींचे प्लग ड्रायव्हरपाशी, म्हणजे मोटरीला प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटपाशी, आपसांत बदला आणि दोन्ही अक्ष थोडे थोडे हलवून पाहा. गडबड एक्सच्याच मोटरीत राहिली, तर दोष मोटर, केबल किंवा यांत्रिक भागात आहे. ती वायच्या मोटरीत गेली, तर ड्रायव्हर किंवा त्याच्या अलीकडचं काही. मात्र वीज चालू असताना मोटरीचा प्लग कधीही काढू नका. मोटरीच्या कॉइलमधला (तारेच्या गुंडाळीतला) प्रवाह अचानक तुटला की व्होल्टेज उसळतं आणि चांगला ड्रायव्हर जळतो.

मोटर जागीच थरथरते, कधी इकडे तर कधी तिकडे फिरते, याचं नेहमीचं कारण म्हणजे दोनपैकी एका कॉइलची जोडणी तुटलेली असणं. मल्टीमीटरने ड्रायव्हरच्या टोकाकडून मोजा. दोन्ही कॉइलचा रोध जवळपास सारखा, साधारण काही ओहम यायला हवा आणि एका कॉइलपासून दुसरीपर्यंत जोडणी दिसता कामा नये. मोजताना केबल हलवत राहा, विशेषतः ती जिथे वारंवार वाकते तिथे. आतून तुटलेली तार स्थिर असताना चांगलीच दिसते, म्हणून ही पायरी टाळू नका.

अक्ष सुरुवातीला नीट चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी स्टेप (मोटर ज्या ठरावीक छोट्या टप्प्यांनी फिरते ते) चुकवू लागतो, तेव्हा ड्रायव्हर तापलाय असं समजा. अति तापल्यावर तो स्वतःला बंद करतो, थंड झाला की पुन्हा चालू होतो; तेवढ्या वेळातल्या स्टेप गेल्या त्या गेल्याच. पंखा लावा, हीटसिंक नीट चिकटवा आणि प्रवाह तपासा. ए४९८८ ड्रायव्हरवरच्या छोट्या रोधकावर 'आर१००' असं छापलेलं असेल, तर १ अँपिअरसाठी प्रवाहाची मर्यादा ठरवणारं संदर्भ व्होल्टेज ०.८ व्होल्ट हवं. 'आर०५०' असेल तर ०.४. डीआरव्ही८८२५ या दुसऱ्या ड्रायव्हरला त्याच प्रवाहासाठी ०.५ व्होल्ट लागतं. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की मोटर तरी अशक्त पडते, नाहीतर ड्रायव्हर तरी भाजून निघतो. शिवाय तिन्ही जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावले की ए४९८८ला १६ मायक्रोस्टेप, म्हणजे एका स्टेपचे १६ भाग, मिळतात आणि डीआरव्ही८८२५ला ३२. म्हणूनच ए४९८८च्या जागी डीआरव्ही८८२५ लावल्यावर अक्ष निम्मंच अंतर चालतो आणि लोक पुन्हा बोर्डालाच दोष देतात.

स्टेप चुकतात की यांत्रिक ढिलाई आहे, हे ओळखायची चाचणी सोपी आहे. स्पिंडल (हत्यार फिरवणारी मोटर) बंद ठेवा, डायल गेज (सूक्ष्म अंतर मोजणारं साधन) लावा आणि अक्ष १०० मिमी पुढे-मागे वीस वेळा न्या. दिशा बदलताना दर वेळी तेवढाच फरक येत असेल आणि तो वाढत नसेल, तर तो बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटातली मोकळीक; नट बघा. फरक एकाच दिशेने साठत गेला, तर मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलरचा ग्रब स्क्रू (दांडा आवळून धरणारा छोटा स्क्रू) घसरतोय का पाहा. मोटरीच्या दांड्यावर आणि कपलरवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढली की घसरण लगेच दिसते. रेघ जुळलेलीच राहिली, तर स्टेप सिग्नलची ध्रुवता उलटी असू शकते. तेव्हा दिशा बदलताना दर वेळी एक स्टेप सरकते. अंतराच्या प्रमाणात चूक येत असेल, तर दर मिलीमीटरच्या स्टेप चुकीच्या भरल्या आहेत. २०० स्टेपची मोटर, १६ मायक्रोस्टेप आणि एका फेऱ्यात अक्ष ८ मिमी सरकवणारा लीडस्क्रू असेल, तर जीआरबीएल या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये $१००, म्हणजे एक्सच्या दर मिलीमीटरच्या स्टेपचा आकडा, ४०० हवा. इथे चार सुरुवातींच्या (चार समांतर आट्यांच्या) स्क्रूचा २ मिमी पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) धरून १६०० भरण्याची चूक फार होते.

आणि चाचणीत सगळं बरोबर, पण स्पिंडल लावला की अक्ष भरकटतो किंवा लिमिट स्विच (अक्ष हद्दीला पोचल्याचं कळवणारा) उगाच अलार्म देतो, तर तो विद्युत गोंगाट आहे. लिमिट स्विचच्या तारा स्पिंडलच्या केबलपासून वेगळ्या न्या, शिल्डेड केबल वापरा आणि शिल्ड एकाच टोकाला, नियंत्रकाकडे, अर्थ करा. स्विचच्या इनपुटवर ग्राउंडशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तरी बराच फरक पडतो. भुसा ओढणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत स्थिर वीज साठते, तिच्या ठिणगीनेही नियंत्रक रीसेट होतो. नळीतून उघडी तांब्याची तार नेऊन ती अर्थला जोडा.

– एक वाचक