मोहरीची बिअर आणि काडेचिराईत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरी बिअर करण्यावरचा लेख वाचला. हौसेने लिहिलाय, पण त्यात 'राई घालून केलेली बिअर' असं छापलंय आणि पुढे चक्क मोहरीचे औषधी गुण पण दिलेत! अहो ते राय (इंग्रजीत rye), युरोपातलं थंडीतलं धान्य, गव्हाचं चुलतभावंड, ज्याचा तिकडे काळपट आंबूस पाव करतात ते. मोहरीचा काही संबंध नाही.

पण एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. दुसरी चूक मोठी आहे. लेखात म्हटलंय की चव आणायची तर हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) सढळ हाताने घाला. मी अमेरिकेत ओरेगनला हिल्सबरोत राहतो, गेली काही वर्षं गराजमध्ये बिअर करतो (इथे ते कायदेशीर आहे, राष्ट्राध्यक्ष कार्टर साहेबांनी 1978 मध्ये सही केली तेव्हापासून, एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत, फक्त विकायची नाही), आणि माझी पहिली राय बिअर याच सढळ हाताने वाया गेली, म्हणून सांगतो.

तेव्हा मी 30 टक्के राय घेतली आणि 19 लिटरला 28 ग्रॅम कोलंबस जातीचे हॉप्स पहिल्या मिनिटापासून तासभर उकळले, नंतर वरून आणखी दोन जातींचे घातले ते वेगळेच. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली, हे काडेचिराईत आहे, ताप आलाय का कुणाला? हिशोब करून बघितला तर नुसत्या त्या 28 ग्रॅमचाच कडूपणा पन्नास आयबीयूच्या (आयबीयू म्हणजे बिअरचा कडूपणा मोजायचं माप) आसपास जात होता.

गोष्ट अशी आहे की राय स्वतःच काहीतरी बोलते. तिला मिऱ्यासारखा हलका तिखटपणा असतो आणि घोट संपताना जीभ कोरडी वाटते, त्यामुळे तेवढ्याच आयबीयूची साधी बार्लीची बिअर नीट लागेल पण रायची कडवट वाटेल. म्हणजे धान्य आधी ठरवायचं, हॉप्स मागून, आणि लेखात नेमकं उलटं सांगितलंय. मी आता गुरुत्व (आंबवण्याआधीच्या गोड पाण्याची घनता, साधं पाणी 1.000) 1.052 धरतो आणि कडूपणा 28 आयबीयूच्या जवळ, म्हणजे दशांशामागच्या 52 ला 28, निम्म्याहून जरासा जास्त. एवढ्यात तोल जमतो असा माझा अनुभव, पुढे ज्याची त्याची जीभ.

सध्याची बॅच अशी: पेल माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पेल म्हणजे फिकट बार्लीचा) साडेतीन किलो, राय माल्ट 900 ग्रॅम, म्युनिक माल्ट 350 ग्रॅम, आणि रंगापुरता क्रिस्टल माल्ट 150 ग्रॅम. राय 18 टक्क्यांच्या आसपास येते, त्याच्यावर मी जात नाही कारण रायला टरफल नसतं आणि बीटा ग्लुकान हा चिकट घटक भरपूर, सगळा मॅश (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट) खळीसारखा चिकट होतो आणि गाळताना जो अडकतो तो अडकतोच, पहिल्या वेळी रात्री दीड वाजेपर्यंत मी पळी घेऊन ढवळत बसलो होतो. उपाय म्हणजे पाव किलो भाताचं तूस मिसळायचं (दुकानात धुतलेलं मिळतं) आणि आधी 43 अंश सेल्सियसला वीस मिनिटं ठेवून मग 66 ला तासभर.

हॉप्स: उकळीच्या सुरुवातीला मॅग्नम 14 ग्रॅम, त्याचा कडूपणा स्वच्छ, मागे काही रेंगाळत नाही. शेवटच्या दहा मिनिटांना कॅस्केड 20 ग्रॅम, आणि गॅस बंद केल्यावर आणखी 30. जास्त वजन शेवटी का, तर हॉप्समधल्या अल्फा आम्लाला कडू व्हायला लांब उकळी लागते, पण वासाची तेलं त्याच उकळीत वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठी लवकर आणि थोडे, वासासाठी उशिरा आणि मोकळे. कॅस्केड इथलंच बरं का, कॉर्व्हॅलिसच्या सरकारी संशोधनातून 1972 ला आलेलं, ग्रेपफ्रुटसारखा वास, आणि रायच्या मिरमिरीशी त्याचं छान जमतं. मॅग्नम मी 12 टक्के अल्फाचं धरलंय. दरवर्षीच्या पिकाला हा आकडा बदलतो, तेव्हा पाकिटावर बघून वजन कमीजास्त करायचं, ग्रॅम डोळे मिटून उतरवून घेऊ नयेत, माझे पण नाही.

पाण्याकडे कुणी बघत नाही. जिप्सम जास्त टाकलं की सल्फेटमुळे कडूपणा आणखी टोकदार होतो, कॅल्शियम क्लोराइडने माल्ट भरल्यासारखं लागतं. राय असेल तर मी दोन्ही सारखेच ठेवतो. यीस्ट साधं, अमेरिकन एल प्रकारच्या बिअरचं, 18-19 अंशाला दोन आठवडे.

हे वाचून कुणी कोथरूडमध्ये पातेलं चढवू नका, महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. पण पुण्यात 2009 पासून मायक्रोब्रूअरी आहेत, त्यांच्यापैकी कुणी हे करून बघितलं तर सुट्टीत आल्यावर पहिला ग्लास माझा.

मोहरीचं तेवढं पुढच्या अंकात दुरुस्त करा प्लीज. आईने पुरवणी वाचून फोन केला होता, फोडणी नेमकी कधी देतोस म्हणून.

आपला,
एक वाचक, हिल्सबरो, ओरेगन